वारुळाला वळसा

वारणेच्या अलीकडं, उसाच्या पाठीमागं
छप्पर नसलेल्या चार भिंती.
नाही, साडेतीन.
चौथी अर्धगोल, पूर्वेला पोट काढून बसलेली.
गाव म्हणतं, पाद्रीचं देऊळ.
माझ्या फॉर्मवर एक रकाना: वास्तूचे नाव.
त्याखाली: शैली.

पिशवीत सरांनी दिलेली झेरॉक्स,
सिरियातल्या एका ओसाड गावची,
पंधराशे वर्षांपूर्वीचं बायझंटाइन चर्च.
तिथलाही दगड काळाच, लाव्ह्याचा.
लाकूड मिळेना म्हणून तुळया दगडाच्या,
दारंसुद्धा दगडाची, दगडाच्याच खुंटीवर फिरणारी.
सर म्हणाले होते, बघ, ओळखीचं वाटतं का.
मला शाईचे डागच जास्त दिसले.

टेपचं दुसरं टोक तिम्माण्णानं धरलेलं.
रोजगार ठरलाय, जेवण वेगळं.
आज्जा त्याचा इथं दगड घडवायला होता म्हणतो,
पण गावात प्रत्येकाचाच आज्जा कुठं ना कुठं होता,
मी मान हलवून आकडे लिहीत राहते.
लांबी एकेचाळीस फूट दोन इंच.
रुंदी, तणातून, अंदाजे.

मग अर्धगोल.
मधोमध खिळा ठोकते, दोरी फिरवते,
डावीकडं बरोबर लागते, उजवीकडं
नऊ इंच कमी पडते भिंत.
पुन्हा फिरवते. नऊच.
लिहिते: बांधकामातील चूक.

"चुकलं न्हाई ते," तिम्माण्णा म्हणतो,
त्याला वाचता येत नाही, तरी,
"वळवलंय."
आणि बाहेरून हाक मारतो, इकडं या की.

बाहेर, भिंतीला जिथं खोलगा पडलाय,
नेमकं त्या खोलग्यात बसलेलं
वारूळ.
माझ्या खांद्याएवढं, तांबडं, माथ्यावर
आज पहाटेची ओली माती.
"आज्जा म्हणाला, ह्याच्यावर पहार घालणार न्हाई.
पाद्री म्हणाला, सैतान राहतोय त्यात.
आज्जा म्हणाला, असंल,
पण आधीपासनं राहतोय."
तीन दिवस काम बंद.
चौथ्या दिवशी पाद्रीनं स्वतः
चुन्याची फक्की हातात घेतली
आणि रेघ आत ओढली.

खरं असेल, नसेल.
वळणातले दगड मात्र बाकीच्यांहून बारीक,
एकेक वेगळा ताशीव,
सांध्यात नख जात नाही.
चूक एवढी निगुतीनं कोण करतं?

दुपारी एस्तेरबाई आवळे ताक घेऊन आल्या.
ह्या देवळात लग्न लागलेलं शेवटचं जोडपं त्यांचं.
कौलं कुठं गेली, विचारलं.
"आठ माझ्या गोठ्यावर. बाकीची पाटलाच्या."
दार? कोंबड्यांना लावलंय.
वेदीचा दगड?
त्या ताकाच्या भांड्यात बघत राहिल्या.
"गुऱ्हाळात. वाफा काढतात त्याच्यावर.
गूळ चिकटत न्हाई म्हणं."

म्हणजे नकाशा पुरा करायचा तर
टेप घेऊन गावभर हिंडायला हवं,
गोठ्याची उंची, खुराड्याची रुंदी,
आणि त्या दगडावर गूळ थंड होईपर्यंत
हात बांधून उभं राहायला हवं.
ह्याला फॉर्मवर रकाना नाही.

उतरत्या उन्हात आतून बघितलं
तर तो खोलगा दिसतही नाही,
फक्त सावली उजवीकडं जरा आधी पडते,
कुणीतरी वाट द्यायला अंग चोरावं तशी.
झेरॉक्स काढून शेजारी धरली.
तिथल्या अर्धगोलातही, डागांच्या मधे,
रेघ एके ठिकाणी किंचित आत आल्यासारखी.
की कागदच दुमडलेला मशीनमध्ये?
सरांना विचारायला हवं. सरांनाही
ठाऊक नसणार.

मी 'चूक' खोडलं.
'शैली' पुढं बराच वेळ पेन टेकवून ठेवलं,
तेवढाच एक निळा ठिपका उमटला.

तिम्माण्णानं टेप सोडला.
सळसळत आला तो गवतातनं,
आणि आम्ही दोघंही, नकळत,
पाय उचलले.